टेक्सासात रोजड्याची शिकार: बोअर कुठलं आणि गोळी कुठली?

तुकोगंजकर, इंदूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जानेवारीत थोरल्या भावाकडे सॅन अँटोनियोला जाणार आहे. त्याच्या ओळखीतून दक्षिण टेक्सासातल्या एका रँचवर नीलगायीच्या शिकारीचं आमंत्रण आलंय. नीलगाय म्हणजे आपला माळव्यातला रोजडाच. १९२०-३० च्या सुमारास किंग रँचने तो तिकडे नेऊन सोडला आणि किनाऱ्यालगतच्या गवताळ पट्ट्यात असा फोफावला की आज हजारोंनी आहे. गुरांना होणाऱ्या गोचीडतापाच्या गोचिडी तो कुंपणं ओलांडून इकडून तिकडे नेतो, त्यामुळे गुरंवाले त्याच्यावर नाराज. मूळचा बाहेरचा प्राणी म्हणून त्याच्या शिकारीला हंगामाचं बंधन नाही, परवाना मात्र लागतो.

कागदपत्रांचं आधीच सांगतो, म्हणजे धागा त्यात अडकणार नाही. व्हिसावर गेलेल्या पाहुण्याला अमेरिकेत एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण तिथल्या राज्याचा शिकार-परवाना जवळ असेल तर त्यातून सूट आहे. शिवाय २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासात शिकारीचा सुरक्षा-कोर्स लागतो. दोन्ही कामं मार्गी लावतोय.

मी इथे रेंजवर बरीच वर्षं पॉइंट टू-टू चालवतो, थर्टी-ऑट-सिक्सचीही (.३०-०६) सवय आहे. जनावरावर कधी गोळी झाडलेली नाही. रँचवर चार रायफली आहेत: .२७० विंचेस्टर, .३०-०६, .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि .३७५ एच अँड एच. भावाच्या मित्राकडे ६.५ क्रीडमूरही आहे. काडतुसं आपली आपण विकत घ्यायची. भाऊ म्हणतो सगळ्यात मोठी उचल, काम फत्ते. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडता येत नाहीये. त्यात दुकानाच्या साइटवर एकेका बोअरमध्ये पंधरा-वीस तऱ्हेच्या गोळ्या. जनावर तडफडत राहू नये एवढी एकच काळजी आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

ह्यूस्टनवारी, मूळ ग्वाल्हेर

.३०० मॅग्नम, १८० ग्रेन. दुसरा विचारच नको. तिकडच्या गाइडांना विचाराल तर दहातले आठ हेच सांगतील. पूर्ण वाढलेला नर सव्वादोनशे-अडीचशे किलोचा. मानेवरचं, खांद्यावरचं कातडं इतकं जाड की गोळीचं भोक आपोआप मिटतं आणि रक्ताचा माग मिळत नाही. सगळीकडे मेस्किटची काटेरी झुडपं. शंभर मीटर पळाला तरी शोधता शोधता अंधार पडतो. .२७० आणि क्रीडमूर हरणांसाठी ठीक, नीलगायीसाठी घरीच ठेवा.

रामबागकर, मूळ इंदूर, सध्या विंडहुक (नामिबिया)

तुकोगंजकर, तुमचं मन बरोबर सांगतंय. ह्यूस्टनवारी यांनी जनावराबद्दल लिहिलं ते सगळं खरं आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा मला अर्धा पटतो. नामिबियात नीलगाय नाही. पण गेम्सबॉक, कुडू, एलँड ही त्याच वजनाची आणि त्याहून मोठी जनावरं इथे कायदेशीररीत्या आणि खाण्यासाठी मारली जातात, मीही त्यात वर्षानुवर्षं आहे. त्या अनुभवावर लिहितो.

पहिला प्रश्न बोअरचा नसतोच. गोळी आत शिरल्यावर काय करते, तो पहिला प्रश्न. बोअर म्हणजे नळीची रुंदी. जनावर मरतं ते गोळीने छातीतून काढलेल्या वाटेमुळे.

साधी शिकारी गोळी म्हणजे शिशाचा गाभा, वर तांब्याचं पातळ आवरण आणि टोकाला उघडं शिसं. सॉफ्ट पॉइंट म्हणतात ती हीच. मांसात शिरली की टोक मागे दुमडतं, गोळी जाड होते आणि रुंद वाट काढते. चितळाएवढ्या जनावरावर ही उत्तम चालते. मोठ्या जनावराच्या खांद्याच्या हाडावर जवळून, पूर्ण वेगात बसली, तर मात्र आवरण आणि गाभा वेगळे होतात आणि गोळी हाडाशीच फुटून राहते. जखम दिसायला भयंकर, पण उथळ. जनावर तीन पायांवर निघून जातं आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरतं.

हीच अडचण जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये कॅनडात मूसवर (तिकडचं अवाढव्य हरीण) आली. गोळ्या बसत होत्या, आत जात नव्हत्या. त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा भाग उमलतो, मागचा भिंतीआड शाबूत राहून ढकलत आत नेतो. १९४८ पासून ती पार्टिशन नावाने विकली जाते आणि आजही तिला हसणारा शिकारी मला भेटलेला नाही. दुसरी जात बाँडेडची. यात शिसं आणि आवरण एकमेकांना जोडलेलं असतं, सुटत नाही. अ‍ॅक्यूबाँड, ओरिक्स, ए-फ्रेम ही त्यातली नावं (ए-फ्रेममध्ये भिंतही आहे आणि जोडही). तिसरी जात निव्वळ तांब्याची, शिसं अजिबात नाही. टोकाच्या पोकळीमुळे तिच्या चार पाकळ्या उमलतात आणि वजन जवळजवळ पूर्ण टिकतं.

चौथी जात मॅचची, म्हणजे नेमबाजी स्पर्धेची. तुम्ही रेंजवरचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो. अचूकता मोहात पाडणारी असते, पण मॅच गोळी कागदासाठी बनवलेली. कधी सुईसारखी आरपार जाते, कधी कातड्याखालीच चुरा होते. कुठला प्रकार होईल ते आधी सांगता येत नाही. ती घेऊ नका.

गेम्सबॉक सोलताना पलीकडच्या कातड्याखाली कधीकधी गोळी बोटाला लागते. चाकूने चीर दिली की हातात येते. साधी सॉफ्ट पॉइंट असेल तर वजन निम्म्यावर आलेलं, आवरण वाकडंतिकडं, गाभा बराचसा नाहीसा. बाँडेड असेल तर पुढून दुप्पट रुंद झालेली, मागून गुळगुळीत, नळीच्या आट्यांच्या रेषा अजून अंगावर. दोन्ही एकाच रायफलीतून, एकाच वेगाने सुटलेल्या असतात. त्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या की बोअरचा वाद बराचसा मिटतो.

आता बोअर. बाँडेड किंवा पार्टिशन १८० ग्रेन घेऊन तुमची ओळखीची थर्टी-ऑट-सिक्स नीलगायीला पुरेशी आहे. नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेग, ३,९५० जूलच्या आसपास ऊर्जा. नामिबियाचा नियम कुडू, गेम्सबॉक, एलँड यांच्यासाठी किमान २,७०० जूल मागतो. रेडा आणि हत्तीसाठी ५,४०० मागतो. .३७५ तिथे लागते, साधारण ५,८०० देते. नीलगाय रेड्याच्या रांगेत बसत नाही.

अनंतपेठ, उज्जैन

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: १८० ग्रेन म्हणजे दारूचं वजन का? आणि जड गोळी चांगली की वेगवान?

रामबागकर

गोळीचं वजन. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, म्हणजे १८० ग्रेनची गोळी साधारण ११.७ ग्रॅमची. बोअर तेच ठेवून वजन वाढवलं की गोळी लांब होते, आणि लांब गोळी खोल जाते. थर्टीच्या बोअरमध्ये १५० ग्रेन हरणाला, १८० ग्रेन मोठ्या जनावराला ही जुनी वाटणी आजही बरोबर आहे. वेग हवाच, पण वेग वाढला की साधी गोळी फुटण्याची शक्यताही वाढते. म्हणून मॅग्नम घेणाऱ्याने तर चांगल्या बनावटीची गोळी घेतलीच पाहिजे. मॅग्नममध्ये स्वस्त सॉफ्ट पॉइंट भरून खांद्यावर मारणं ही सगळ्यात वाईट जोडी.

महूचा_फौजी, महू

दोन गोष्टी.

एक. फौजेची गोळी शिकारीला नाही. आमची गोळी पूर्ण आवरणाची, म्हणजे फुल मेटल जॅकेट. उमलणारी गोळी युद्धात वापरायची नाही असं १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्यात ठरलं. त्याला निमित्त आपल्याच दमदमच्या कारखान्यातल्या .३०३ च्या गोळ्या होत्या. शिकारीत नियम बरोबर उलटा. इंग्लंडमध्ये हरणाला उमलणारीच गोळी लागते, बोअर किमान .२४० आणि ऊर्जा किमान १,७०० फूट-पाउंड. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मोठ्या जनावराला पूर्ण आवरणाची गोळी चालत नाही. कारण उघड आहे. ती बारीक भोक पाडून आरपार जाते, जनावर पळतं, आणि गोळी मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावराला लागते. सरावाची स्वस्त डबी जंगलात नेऊ नका.

दोन. धक्का. .३७५ चा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या जवळपास दुप्पट. .३०० मॅग्नमचाही चांगलाच जाणवतो. मी पोरांना शिकवतो तेव्हा त्यांना न सांगता मधूनच डमी काडतूस भरतो. घोडा दाबला, टक् आवाज, गोळी नाही. आणि नळीचं तोंड मात्र दोन बोटं खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. खांदा आणि पापणी धक्क्याच्या आधीच घाबरलेली असते. हे शक्तीचं काम नाही, धिप्पाड पैलवानालाही होतं. जी रायफल हातात घेतल्यावर डमीवर नळी हलत नाही, ती तुमची. तुम्ही रँचवर पोचाल तेव्हा पहिल्या दिवशी हे करून बघा. निर्णय तिथेच होईल.

ह्यूस्टनवारी

फौजी साहेब, मुद्दा मान्य. पण दक्षिण टेक्सासात वारा फार. मोकळं मैदान, दोनशे-अडीचशे मीटरवरून गोळी टाकावी लागते. मॅग्नमचा फायदा तिथे दिसतो.

महूचा_फौजी

आकडे बघा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, २०० यार्ड, १८० ग्रेन. थर्टी-ऑट-सिक्सची गोळी साधारण ८ सेंटिमीटर सरकते, .३०० मॅग्नमची ७ च्या आसपास. एका सेंटिमीटरसाठी खांदा मोडून घ्यायचा का? वाऱ्याचा अंदाज चुकला तर चूक त्याहून कितीतरी मोठी. ३०० यार्डांच्या पुढे तुमचं म्हणणं वजनदार होतं, पण पहिल्यांदा शिकार करणाऱ्याने तिथून गोळी टाकूच नये.

लष्करकर, ग्वाल्हेर

या विषयावर बोलायला आता माझ्या पिढीचे फार थोडे उरलेत, म्हणून जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आमच्या ग्वाल्हेर संस्थानात शिकारीचं प्रस्थ किती होतं हे शिवपुरीच्या जंगलात फिरलेल्यांना ठाऊक आहे. शिंद्यांचं ते राखीव रान. तेच पुढे माधव राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. ज्या रानात वाघ मारण्यासाठी मचाणं बांधली, तिथे २०२३ मध्ये वाघ बाहेरून आणून सोडले. मला स्वतःला याचा फार आनंद आहे. बंदुकांचं ज्ञान असणं आणि वाघ जिवंत असावा असं वाटणं यात मला कधीच विरोध दिसला नाही.

तर बोअरबद्दल. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या घरांतून जुन्या परवान्यांवर जी बोअरं दिसतात, ती जनावर बघून ठरलेली नाहीत, कायदा बघून ठरली आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० चं बोअर इंग्रजांनी हिंदुस्थानात आणि सुदानात बंद केलं, कारण बंडखोरांच्या हाती त्याच बोअरच्या जुन्या सरकारी रायफली होत्या. लगेच लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी केसभर वेगळी बोअरं पुढे केली. जनावराला त्या फरकाने काही कळत नव्हतं. पुढे .३०३ चं तेच झालं. ते फौजेचं बोअर म्हणून सामान्य माणसाला बंद, म्हणून आपल्याकडे .३१५ आलं. ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅन्लिखर काडतुसाच्या घडणीचं, जड आणि सावकाश. इच्छापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल घराघरात गेली ती ती उत्कृष्ट म्हणून नाही, मिळत होती म्हणून.

रामबागकर गोळीला आधी ठेवतात ते शंभर टक्के खरं. कॉर्बेट साहेबांना १९०७ च्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल जी रायफल भेट मिळाली ती .२७५ रिग्बी, म्हणजे जर्मनांचं ७ मिलिमीटर माउझर. आजच्या टेक्सासवाल्यांना ती लहान वाटेल. त्याच बोअरने बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती पाडले, उमलणारी नव्हे तर घट्ट, न उमलणारी लांब गोळी वापरून, आणि हत्तीच्या कवटीतला मेंदू कुठे असतो याचा बारकाईने अभ्यास करून. हत्तीचं कुणी अनुकरण करू नये. पण गोळी आणि जागा या दोन गोष्टी बोअरच्या किती पुढे असतात ते यातून कळावं.

नवलखा, इंदूर

माफ करा, पण मला हा धागा वाचून त्रास झाला. आपल्याकडे १९७२ पासून शिकार बंद आहे आणि आपण इथे कुठल्या गोळीने जनावर लवकर मरतं याची चर्चा करतोय. परदेशात कायदेशीर आहे म्हणून बरोबर होतं का?

तुकोगंजकर

नवलखा ताई, तुमचा आक्षेप मी मनावर घेतो. माझं म्हणणं एवढंच: तिकडे नीलगाय मूळची नाही, तिची संख्या कमी करणं ठरलेलं आहे, आणि मांस वाया जात नाही. मी गेलो नाही तर दुसरा कुणी जाईल. पण जाणार असेन तर जनावराला कमीत कमी यातना होतील एवढं ज्ञान घेऊन जाणं माझं कर्तव्य आहे. तुम्हाला शिकारच नको असेल तर त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुमचं मत बदलावं असाही माझा आग्रह नाही.

नवलखा

ठीक आहे. उत्तर प्रामाणिक वाटलं. मत तेच राहील.

संपादक

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. इथल्या वन्यप्राण्यांच्या शिकारीबद्दल सल्ला मागणारे किंवा देणारे प्रतिसाद काढून टाकले जातील.

सोनकच्छचा_शेतकरी

संपादक साहेब, सल्ला मागत नाही, दुखणं सांगतो. रोजड्यांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचा अर्धा बिघा साफ करतो. खातो कमी, तुडवतो जास्त. आमच्याकडे काकांच्या नावावर .३१५ चा परवाना आहे. दरवेळी कुणीतरी म्हणतं, उडवून टाका एक-दोन.

लष्करकर

भाऊ, तेवढं करू नका. परवाना बंदुकीचा आहे, जनावराचा नाही. पीक खाणाऱ्या जनावराबद्दल कायद्याच्या ११ व्या कलमात तरतूद आहे, पण परवानगी वनखात्याचा अधिकारी लेखी देतो, आणि ती मिळेपर्यंत हात लावला तर तुरुंग. २०१६ मध्ये बिहारात मोकाम्याकडे नीलगायी मारल्या गेल्या त्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर, आणि त्यावरूनही देशभर वाद झाला. आपल्याकडे शाजापूरच्या बाजूला २०२५ मध्ये हेलिकॉप्टरने कळप हाकून, बोमा पद्धतीने (नरसाळ्यासारख्या कुंपणात) काळवीट आणि नीलगायी जिवंत पकडून दुसरीकडे हलवल्या. पंचायतीमार्फत अर्ज लावा, तुमच्या तालुक्याचं नाव त्या यादीत यावं यासाठी धडपडा.

सोनकच्छचा_शेतकरी

अर्ज लावतो, काका.

गुरांचा_डॉक्टर, इंदूर

मी महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजचा. शिकारी नाही, पण शरीररचनेबद्दल दोन शब्द, कारण सगळं तिथेच ठरतं.

गोळी लागल्यावर जनावर मरतं ते मेंदूला रक्त पोचणं थांबल्यामुळे. दोन्ही फुप्फुसं किंवा हृदयाच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या फाटल्या की रक्तदाब कोसळतो. तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर दहा-पंधरा सेकंद जनावर पळू शकतं, आणि तेवढ्यात शंभर मीटर सहज कापतं. हृदयात गोळी बसूनही जनावर पळालं तर गोळी चुकली असं समजू नका.

नीलगायीची छाती खोल, म्हणजे वरून खाली उंच. तिचा खांद्याचा उंचवटा डोळ्याला फसवतो. पाठीची वरची रेषा बघून मधोमध नेम धरला की गोळी फुप्फुसांच्या वरच्या कडेला, मणक्याखाली जाते. जनावर कोसळतं, आपण खूष होतो, आणि मिनिटभरात ते उठून चालू लागतं, कारण मणक्याला फक्त हादरा बसलेला असतो. हृदय आणि मोठ्या वाहिन्या खाली आणि पुढे असतात, पुढच्या पायांच्या मधे. जनावर पूर्ण आडवं उभं असताना पुढच्या पायाची रेषा वर न्या आणि छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर थांबा. गोळी तिथे फऱ्याच्या खालच्या भागातून आणि बाहूच्या हाडाजवळून जाते. म्हणूनच हाड फोडून पुढे जाणारी गोळी हवी, रामबागकर सांगताहेत तीच.

पोटात गोळी बसणं सगळ्यात क्रूर. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट बरगड्यांच्या मागच्या भागापर्यंत आलेलं असतं. गोळी तळहातभर मागे गेली की पोटच. जनावर तासन्तास, कधी दिवसभर जिवंत राहतं, आणि मांसही खराब होतं. तिरकं उभं असेल, डोकं तुमच्याकडे असेल, चालत असेल, तर थांबा.

तुकोगंजकर

डॉक्टर साहेब, हे चित्र मी कागदावर काढून घेतलं. डोक्यात किंवा मानेत गोळी मारावी असं भाऊ म्हणतो, जागच्या जागी पडतं म्हणून.

गुरांचा_डॉक्टर

नको. मेंदू लहान, डोकं सतत हलतं, आणि चुकली तर जबडा तुटतो. जबडा तुटलेलं जनावर पळून जातं आणि उपाशी मरतं. मानेतही मणका अरुंद, भोवती नुसतं मांस. छाती.

दांडियाबाजार, बडोदा

मी पक्ष्यांसाठी काम करते, शिकारीला माझा पाठिंबा नाही, पण चर्चा जबाबदारीने चाललीय म्हणून एक बाजू मांडते. रामबागकरांनी तांब्याच्या गोळीचा उल्लेख एका ओळीत संपवला. तो विषय एका ओळीचा नाही.

शिशाची गोळी हाडावर बसली की तिचे अगदी बारीक कण जखमेपासून हातभर लांबपर्यंत मांसात पसरतात. डोळ्याला दिसत नाहीत, एक्स-रेत पांढरे ठिपके दिसतात. शिकारी आतडी तिथेच टाकून जातो, ती गिधाडं आणि गरुड खातात, आणि शिशाने मरतात. कॅलिफोर्नियात काँडोर (तिकडची मोठी गिधाडं) याच कारणाने मरत होते, म्हणून तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. डेन्मार्कने छर्ऱ्यातलं शिसं १९९६ मध्ये आणि रायफलच्या गोळीतलं २०२४ मध्ये बंद केलं. आपल्याकडे डायक्लोफेनॅकने गिधाडं कशी गेली ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. गुरांसाठीचं ते औषध २००६ मध्ये बंद झालं तोवर आभाळ रिकामं झालं होतं. मेलेल्या जनावरात आपण काय सोडून जातो हे दुसऱ्यांदा शिकायची गरज पडू नये. टेक्सासातही गिधाडं आहेत. आणि ते मांस तुमच्या भावाची मुलंही खाणार आहेत.

रामबागकर

ताई, बरोबर आहे, आणि मी ते नीट लिहायला हवं म्हणून पुन्हा येतो.

तांब्याची गोळी आज नीलगायीसाठी पूर्ण सक्षम आहे. किंबहुना हाडावर तिच्यासारखी टिकणारी दुसरी नाही. तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. .३०-०६ मध्ये १८० ऐवजी १६५ किंवा १६८ ग्रेन घ्या, खोली कमी होत नाही कारण वजन झडत नाही. दुसरं, तांबं उमलायला वेग लागतो. सेकंदाला सुमारे ६०० मीटरच्या खाली पाकळ्या नीट उघडत नाहीत, तेव्हा फार लांबून मारू नका. २०० यार्डांवर थर्टी-ऑट-सिक्सकडे वेग भरपूर असतो. तिसरं, प्रत्येक नळीला प्रत्येक गोळी मानवत नाही. शिशाच्या गोळीवर लावलेली दुर्बीण तांब्याच्या गोळीला लागू पडेलच असं नाही. जी डबी शिकारीला न्यायची तिनेच झिरो करायचं (म्हणजे ठरावीक अंतरावर दुर्बिणीचा नेम आणि गोळी लागायची जागा जुळवायची), आणि आधी नळीतला जुना तांब्याचा थर साफ करून घ्यायचा.

डबीची किंमत जास्त असते. पण पूर्ण शिकारीत डबीतल्या दोन-तीन गोळ्या लागतात. तिकीट, रँचचे पैसे, परवाना यांच्यापुढे तो खर्च काहीच नाही. बचत सगळीकडे करा, गोळीत करू नका.

ह्यूस्टनवारी

तांब्याच्या गोळीला माझा दुजोरा. आणि थर्टी-ऑट-सिक्सबद्दलही आता विरोध नाही, अट एकच: गोळी पार्टिशन, बाँडेड किंवा तांब्याची, आणि अंतर दोनशे यार्डांच्या आत. गाइडला हे आधीच स्पष्ट सांगा. तो तुम्हाला जवळ नेईल, त्याचं कामच ते. जीपच्या बॉनेटवरून गोळी मारायला सांगितलं तर नाही म्हणा, काठ्यांची तिकाटी मागून घ्या.

तुकोगंजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: .३०-०६, तांब्याची १६८ ग्रेन, दोन डब्या. एक रेंजवर संपवायची, एक रँचवर न्यायची. पहिल्या दिवशी फौजी काकांचा डमीचा प्रयोग. झिरो १०० वर करू की २०० वर?

महूचा_फौजी

२०० यार्डांवर. मग १०० वर गोळी साधारण ५ सेंटिमीटर वर लागेल, ३०० वर २० सेंटिमीटरच्या आसपास खाली. तुमच्या अंतरात कुठेही छातीच्या बाहेर जात नाही. दुर्बिणीच्या चकत्या फिरवत बसू नका, सरळ नेम धरा. कागदावरच्या रेषांवर विश्वास ठेवू नका, तिन्ही अंतरांवर प्रत्यक्ष मारून बघा. आणि बेंचवरून नाही, तिकाटीवरून, उभ्याने आणि बसून.

तुकोगंजकर

शेवटचा प्रश्न. गोळी लागली आणि जनावर पळालं तर लगेच मागे धावायचं का?

रामबागकर

नाही. घोडा दाबल्या दाबल्या बोल्ट ओढून दुसरं काडतूस नळीत, डोळा दुर्बिणीतून न काढता. जनावर अजून उभं दिसत असेल आणि मागे मोकळं असेल तर दुसरी गोळी लगेच, पहिली चांगली बसली असं कितीही वाटलं तरी. दिसेनासं झालं तर ते शेवटचं कुठल्या झुडपाशी दिसलं ते मनाशी पक्कं करा आणि गाइडला बोटाने दाखवा. मग अर्धा तास थांबा. मागे धावलात तर जखमी जनावर अंगात उरलेल्या जोरावर आणखी लांब जातं, नाही धावलात तर बहुतेक वेळा जवळच बसतं. अर्ध्या तासाने गोळी लागली त्या जागी जा. फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस, ते जवळच सापडेल. हिरवट, वासाचं काही दिसलं तर पोट. तिथून मागे फिरा, तीन-चार तास थांबा, आणि रँचवर माग काढणारा कुत्रा असेल तर तो मागवा. तिकडच्या बऱ्याच रँचवर असतो, बुकिंग करतानाच विचारून ठेवा.